सहा फूट, सहा इंच

रंग ठरत नव्हता.
समितीला सोनेरी हवा होता.
"जुनं म्हटलं की सोनेरीच," साहेब म्हणाले
आणि घड्याळ पाहिलं.

मे महिना. अजबबंगल्याच्या मागच्या खोलीत
कूलर बंद.
"वाळ्याचा वास तुमच्या सुखाचा," नंदेश्वर मॅडम म्हणाल्या,
"इथल्या तांब्याला त्यानं ओल चढते."
डोक्याला फडकं बांधून बसल्या होत्या,
कपाळावरचा थेंब खाली पडू नये म्हणून.
घामात मीठ, आणि मिठाला तांबं भुलतं.

टेबलावर एक मडकं. शिळावर्तुळात निघालेलं.
सत्तावीस तुकडे. अठ्ठाविसावा
कुणाला सापडला नाही.
"तो मी भरला. एक छटा फिका. मुद्दाम.
सहा फुटांवरून मडकं दिसावं,
सहा इंचांवरून माझी लबाडी.
आणि उद्या कुणाला नको झाली
तर ओल्या बोळ्यानं निघून यावी."

मी वही उघडली होती
ती तशीच मांडीवर राहिली.

रात्री कागदावर एकच शब्द लिहीत बसले :
जतन.
ना काना, ना मात्रा, ना वेलांटी,
लपायला जागाच नाही या शब्दात.
तीन अक्षरं, आपापल्या दांड्यावर उभी,
वरून एक रेघ सगळ्यांना धरून.
त आणि न यांच्यामध्ये
मी ती रेघ अंगठ्याएवढी तोडली
आणि तेवढाच तुकडा भरला,
एक छटा फिका.

रंगही सापडला, खरं तर आठवला.
समितीत विचारलं, "हा हिरवा कुठला?"
"पितळेच्या भांड्यात ताक विसरलं
की कडेला येतो, तो."
कुणीतरी तोंड कडू केलं.
साहेब मात्र हसले, पहिल्यांदाच,
म्हणाले, आमच्या आईनं मारलं होतं त्यावरून.
मंजूर.

गांधीबागेत बारापात्रेंचं दुकान.
जिथं बापाचा माग होता
तिथं आता अक्षरं कापायचं मशीन.
उद्घाटनाच्या आदल्या दिवशी भिंतीवर शब्द लागला.
मी सहा फुटांवर उभी राहिले. सुंदर.
सहा इंचांवर गेले.

रेघ अखंड. गडद. सलग.
"मधात तुटल्यावानी दिसून राहिली होती न ताई,
म्या सारखी करून देल्ली.
त्याचे पैसे नाई लावले."
मी काही बोलायच्या आत
त्यांनी दोन बोटं एकमेकांवर घासली,
हवेतच, धागा वळल्यासारखी.
"तुटलेलं दिसलं का हात जातेच.
लहानपणची सवय हाये."

काय सांगणार होते मी?
की तुटलेपणाचाच नमुना काढला होता?

मॅडमनी केसांचं ड्रायर मागवलं.
पातळ पातं, कापूस, ऊन हवा.
बारापात्रे शेजारी उभे, श्वास धरून.
अंगठ्याएवढी पट्टी
दुखवल्याशिवाय सुटली.
फिका तुकडा तिच्या जागी बसला.
काढलेली पट्टी मॅडमनी फेकली नाही.
छोट्या पिशवीत घातली, चिठ्ठी लिहिली :
"पूर्वीची दुरुस्ती. बारापात्रे, गांधीबाग."
तारीख. क्रमांक.
"माहं नाव कायले?" ते म्हणाले,
पण चिठ्ठी दोनदा वाचली.

दुसऱ्या दिवशी आले, इस्त्रीचा शर्ट, सोबत बायको.
मडक्यापुढून, नाण्यांपुढून भरभर गेले
आणि शब्दापुढे थांबले.
तिला सहा फुटांवर उभं केलं.
"आता जवळ ये. अजून. दिसलं?"

ती म्हणाली, "अहो, हे तर तुटेल हाये."

त्यांचा हात वर गेला,
अर्ध्यावर थांबला,
मग त्यांनी तो
खिशात घातला.